पहिली खेप होते, दुसरी होत नाही

'आदिवासी लोक ना, डॉक्टरकडे जातच नाहीत हो. आधी भगताकडे पळतात.' हे वाक्य मी हळदीकुंकवाला ऐकलं आहे, हार्बरच्या लेडीज डब्यात ऐकलं आहे आणि एकदा तर चांगल्या शिकलेल्या डॉक्टरबाईंच्या तोंडूनही ऐकलं आहे. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण पनवेल तालुक्यातल्या, माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांवर दर मंगळवारी जाणाऱ्या आमच्या आठ-दहा जणींच्या गटाचा अनुभव वेगळा आहे. लोक डॉक्टरकडे जातात. एकदा नक्की जातात. कर्ज काढून, कोंबड्या विकून जातात. अडतं ते दुसऱ्या खेपेला. आणि मनाच्या आजारात तर सगळी मदार दुसऱ्या, चौथ्या, दहाव्या खेपेवरच असते.

आधीच सांगते, मी या विषयातली तज्ज्ञ नाही. बी. ए. केलं, तेही मराठी घेऊन. घर, मुलं, सासूबाईंचं आजारपण यातून वेळ काढून वाडीवरच्या मुलांना वह्या-पुस्तकं देण्यापासून आमचं काम सुरू झालं. मग बचत गट आले, मग कुपोषण. मनाचा आजार हा विषय आम्ही निवडला नाही, तो समोर येऊन बसला.

पनवेल म्हटलं की आता डोळ्यांपुढे येतं ते विमानतळ, मॉल आणि टॉवर. २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटनही झालं. पण पनवेलच्या एसटी स्टँडवरून धोदाणीकडे जाणारी गाडी पकडली, की नेरे सोडल्यावर तासाभरात वेगळाच मुलूख लागतो. ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या. कित्येक ठिकाणी गाडी सोडून अर्धा-पाऊण तास चढ चढायचा. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना सरकारने विशेष दुर्बल मानलं आहे, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्या जोडीने कातकरी आहेत, आणि ते राहतात आपल्या घरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर.

यातल्याच एका वाडीवरची ही गोष्ट. वाडीचं नाव सांगत नाही, तिचंही नाही. वय चोवीस-पंचवीस. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात तिचं बोलणं बदललं. बाळाला जवळ घेईना. बाळाच्या पाळण्याभोवती कोणी तरी फिरतंय, असं सांगून रात्री उठून बाहेर पळायची. पाण्याची विहीर जवळच. घरच्यांनी काय केलं? भगताला बोलावलं, हे खरं. पण चौथ्या दिवशी नवऱ्याने आणि जावेने तिला पनवेलला सरकारी रुग्णालयातही नेलं, हेही तितकंच खरं. तिथल्या डॉक्टरांनी आणखी पुढे पाठवलं, तिथे मानसोपचारतज्ज्ञ भेटले, त्यांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. म्हणाले, बाळंतपणानंतर काही जणींना होणारा हा तीव्र आजार आहे, औषधाने बरा होतो, पण गोळ्या बंद करू नका.

दहाव्या दिवशी ती चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. बाळ मांडीवर. सगळी वाडी येऊन बघून गेली. आणि पंधराव्या दिवशी गोळ्या संपल्या.

तुम्ही म्हणाल, मग परत जायचं की! आम्हीही तिच्या नवऱ्याला हेच म्हटलं. तो म्हणाला, 'ताई, एक डाव गेलो. आता परत जायचा तर तुमीच हिशेब करा.' म्हणून आम्ही त्याच्या अंगणातच बसून हिशेब केला. त्याची मजुरी बुडणार पाचशे. एकट्याने बायकोला सांभाळणं शक्य नाही, म्हणून जाऊ सोबत. तिची मजुरी तीनशे. बाळ अंगावर पितं, तेही बरोबर. थोरल्याला शेजारी ठेवायचं. एसटीने पनवेल, पुढे रिक्षा, पुढे आणखी एक गाडी. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, ही खरोखर मोठी सोय. पण पहिल्या वेळी ती गाडीत ओरडायला लागल्यावर लोकांनी अशा काही नजरा टाकल्या होत्या की नवऱ्याने 'यष्टीत परत नको' असं ठरवूनच टाकलं होतं. मग जीप. जीपवाला सांगणार पंधराशे. म्हणजे बायकोला फुकट मिळणारी गोळी आणायला दोन हजारांच्या वर खर्च, आणि तो खर्च दर पंधरा दिवसांनी. वाडीत महिन्याला इतके पैसे हातात राहणारं घर मी तरी पाहिलेलं नाही.

शिवाय दवाखान्यातला दिवस. केसपेपरची खिडकी वेगळी, डॉक्टर बसतात ते दालन वेगळं, औषधाची खिडकी तिसरीकडे. मनाच्या आजाराचे डॉक्टर रोज नसतात, त्यांचा वार ठरलेला असतो. तो वार कुठल्या फलकावर लिहिलेला असला तरी वाचायचा कोणी? आणि शासकीय मराठी ही कातकरी बाईला जवळजवळ परकी भाषा. 'झोप लागते का, भूक लागते का, विचार येतात का' या प्रश्नांना ती फक्त मान हलवते. त्या मान हलवण्याचा अर्थ काय घ्यायचा, हे गर्दीतल्या डॉक्टरने तीन मिनिटांत ठरवायचं.

आता भगताकडे बघा. मी त्याची बाजू घेत नाहीये. चटक्यांचे डाग असलेली पाठ मी डोळ्यांनी पाहिली आहे आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, चटके देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे मी वाडीवर स्पष्ट सांगते. पण भगत वाडीतच राहतो. रात्री दोनला हाक मारली तरी येतो. त्याची बोली तीच. पैसे आज नसले तर पुढच्या महिन्यात कोंबडा चालतो. तो घरातल्या सगळ्यांना गोल बसवतो आणि विचारतो, कधीपासून, कशावरून, कोणाशी वाकडं आलं का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. तिसऱ्या दिवशीही येतो. आपल्या आरोग्यसेवेने यातलं निम्मं जरी केलं असतं तरी अंधश्रद्धेवर भाषणं करायची गरज कमी पडली असती, असं माझं मत आहे.

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. भूतबाधा उतरवायला तिथे लांबून लोक येतात. तिथल्या मुजावरांशी भांडत न बसता एका संस्थेने त्यांनाच हाताशी धरलं. दर्ग्याजवळच मानसोपचाराची सोय केली. मुजावर दुआ करतात आणि त्याच माणसाला डॉक्टरांकडेही पाठवतात. 'दवा आणि दुआ' असंच त्या उपक्रमाचं नाव. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी अशाच एका धर्मस्थळाजवळच्या आश्रयगृहाला आग लागली तेव्हा साखळीने बांधून ठेवलेली २८ माणसं पळता न आल्यामुळे जळून मेली होती. ती बातमी वाचल्याचं माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. त्या पार्श्वभूमीवर उनावाचं काम मला मोलाचं वाटतं.

आमच्या वाडीवर आम्ही एवढं मोठं काही केलं नाही. आशाताईंनी भगताला एवढंच सांगितलं, की बाबा, तुझा अंगारा तू दे, पण गोळी घेतल्याशिवाय अंगारा द्यायचा नाही. म्हातारा खट आहे. पण त्याची स्वतःची सून त्या दुखण्यातल्या मुलीची मैत्रीण. तिने घरातून जोर लावला आणि तो तयार झाला.

बांधण्याबद्दलही थोडं लिहायला हवं. आजार उलटला तेव्हा, म्हणजे गोळ्या संपल्यावर तीन आठवड्यांनी, तिच्या पायाला दोर बांधलेला आम्ही पाहिला. दुसरं टोक खांबाला. आमच्या गटातल्या एकीला रडूच आलं. मनोरुग्णाला साखळदंडाने किंवा दोराने बांधणं कायद्यानेच बंद आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तसं सरळ सांगतो. पण तिची सासू म्हणाली, 'बाय, सोडली तर हिरीत जाईल. रातभर कोन जागणार?' तिच्या त्या प्रश्नाला कायद्याच्या पुस्तकात उत्तर नाही. दोर सुटला तो वाडीतल्या चार बायकांनी रात्री वाटून घेतल्या तेव्हा. एकेक रात्र एकीने तिच्याजवळ झोपायचं. आठ दिवसांत गोळी लागू पडली, मग गरजच उरली नाही.

हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि तो खरोखर चांगला आहे, म्हणून त्यातलं थोडं इथे सांगते. सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या ठिकाणी मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, त्याच्याकडे कार्ड नसलं तरी, आणि बेघर माणसाला उपचार मोफत. मनोरुग्णाला केवळ घरचे नको म्हणतात म्हणून वर्षानुवर्षं रुग्णालयात ठेवता येत नाही, त्याला समाजात राहण्याचा हक्क आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला आता गुन्हेगार न मानता, तो तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं. आमच्या वाडीवर आणि आपल्या सोसायटीतही, विष घेतलेल्या माणसाला 'पोलीस केस होईल' म्हणून दवाखान्यात न्यायला लोक अजून कचरतात.

कायदा झाला, पण माणसं कुठून आणायची? बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मानसिक आरोग्याची मोठी पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता. दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. आपल्याकडे ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार जुनी सरकारी मनोरुग्णालयं. ठाण्याचं तर १९०१ पासूनचं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम जिल्हा रुग्णालयातून चालतो, आपला अर्थातच अलिबागहून. नकाशा काढून बघा. अलिबाग एका टोकाला, ठाणे दुसऱ्या जिल्ह्यात, आणि मध्ये आमच्या वाड्या.

इथे मला गोव्याबद्दल सांगायचं आहे, कारण ही अडचण सोडवायचा एक रस्ता तिथे नीट आखून, मोजून दाखवला गेला. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात 'संगथ' ही संस्था सुरू केली. त्यांच्या लक्षात आलं की प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या बायका 'मी उदास आहे' असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात अंग दुखतं, झोप नाही, छातीत धडधडतं, अशक्तपणा आहे. अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांचा त्यांनी अभ्यास केला, तेव्हा त्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त घट्ट दिसला. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या परिसरातल्या किती तरी जणी आल्या. आपल्याकडे अशा बाईला काय मिळतं? सलाईन. खाजगी दवाखान्यात तीनशे-चारशे रुपये देऊन एक बाटली लावून घ्यायची, तासभर कॉटवर पडायचं. मला तर वाटतं, त्या सलाईनपेक्षा तासभर कोणी काम सांगत नाही याचाच गुण येत असावा!

तर गोव्यात त्यांनी काय केलं? डॉक्टर वाढवायला वेळ लागतो, म्हणून स्थानिक, पदवीपर्यंत शिकलेल्या, पण आरोग्याचं कोणतंही शिक्षण नसलेल्या बायका निवडल्या. म्हणजे थोडक्यात तुमच्या-माझ्यासारख्या. त्यांना दोन महिन्यांचं प्रशिक्षण दिलं. आजाराची जड नावं न वापरता लोकांच्याच शब्दांत, 'टेन्शन' म्हणून बोलायचं. श्वास कसा घ्यायचा, झोपेचं काय करायचं, कोणाची मदत मागायची हे समजावायचं, गोळी चालू असेल तर ती बंद होऊ द्यायची नाही, कोणी आलं नाही तर चौकशी करायची. पाठीशी डॉक्टर आणि लागले तर मानसोपचारतज्ज्ञ. बारा सरकारी आरोग्य केंद्रं आणि बारा खाजगी दवाखाने घेऊन हे तपासलं आणि २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. सरकारी केंद्रांत ज्या रुग्णांना अशी समुपदेशक मिळाली, त्यांतले सुमारे ६६ टक्के सहा महिन्यांत बरे झाले. जिथे नेहमीचेच उपचार होते, तिथे ४२ टक्के. गंमत म्हणजे खाजगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. माझा अंदाज असा, की ओळखीचा फॅमिली डॉक्टर तेवढं आपुलकीने बोलतच असतो. कमतरता होती ती जिथे गरीब माणूस जातो तिथेच.

म्हणून मी म्हणते, गोळी आणि रुग्ण यांच्या मधलं जे अंतर आहे ते पगारी-बिनपगारी, पण शिकवून तयार केलेल्या गावातल्या माणसानेच कापता येतं. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात, म्हणजे आदिवासी भागातच, ४१ गावांत २०१३ ते २०१५ या काळात 'आत्मीयता' नावाचा प्रयोग झाला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने तो केला. गावातल्याच स्त्री-पुरुषांना त्यांनी तयार केलं. हे लोक शेजारच्या घरात जाऊन ऐकून घेणार, मोबाइलवर गावच्या भाषेतल्या छोट्या फिल्म दाखवणार, आणि आजार मोठा वाटला तर आरोग्यसेवेपर्यंत पोचवणार. यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट ही, की ते लोक रेशनकार्ड, पेन्शन, सरकारी योजना यांचीही कामं करून देत. ज्या बाईचं रेशन तीन महिने बंद आहे, तिला 'सकारात्मक विचार करा' म्हणून सांगणारा समुपदेशक माझ्या मते घरी बसलेला बरा.

आणि टेन्शन नुसतं घरातलंच असतं असंही नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. ती ठाकरांची वाडी. आमच्या वाड्यांवर त्यांचे सोयरे आहेत. तेव्हापासून जुलैत पाऊस लागून राहिला की इथल्या बायका रात्री अंथरुणावर पाठ टेकत नाहीत. मुलांना मांडीवर घेऊन दारात बसतात, डोंगराकडे तोंड करून. सकाळी कामावर जातात आणि दुपारी डोकं धरून बसतात. याला आजार म्हणायचं की शहाणपण, मला कळत नाही. डोंगर तर खरंच वर आहे. पण चार रात्री न झोपलेल्या बाईशी त्याबद्दल कोणी तरी बोलायला हवं, एवढं नक्की.

आता पुन्हा आमच्या त्या मुलीकडे. दुसऱ्या वेळी आम्ही जीपचा खर्च गटातून उचलला. पण दर वेळी ते शक्य नाही आणि योग्यही नाही. म्हणून डॉक्टरांना विनंती केली की पंधरा दिवसांऐवजी महिन्याच्या गोळ्या द्या, मधली विचारपूस आशाताई करतील. त्यांनी ऐकलं. एकच अट घातली, महिनाभराच्या गोळ्या तिच्या हाती ठेवायच्या नाहीत. गोळ्यांचा डबा आशाताईंकडे. आशाताई रोज जाऊ शकत नाहीत, म्हणून आठवड्याचा पुडा जावेकडे. जावेला लिहिता-वाचता येत नाही. तिने भिंतीवर कोळशाने रेघा ओढायची पद्धत काढली. गोळी दिली की एक रेघ. मी मंगळवारी गेले की आधी भिंत बघते.

हे सगळं जुळत आलं आणि दिवाळी झाली. ज्यांना हा भाग माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दिवाळीनंतर कातकरी वाड्या रिकाम्या होतात. वीटभट्टीवर जायचं, ते थेट पावसाच्या तोंडाशी परत यायचं. मालकाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची असते, त्यामुळे 'या वर्षी जात नाही' असं म्हणायची सोय नसते. नवरा-बायको जोडीने लागतात, एकट्याला कोणी घेत नाही. म्हणजे सहा-सात महिने ना वाडी, ना आशाताई, ना ती भिंत. सरकारी नोंदीत अशा रुग्णापुढे 'उपचार सोडले' एवढंच लिहिलं जात असणार. तिने काहीच सोडलेलं नसतं, ती पोटामागे गेलेली असते.

आम्ही तीन गोष्टी केल्या, त्या लिहिते, कारण दुसरीकडे कोणाला उपयोग होईल. एक, आजाराचं नाव, औषधांची नावं आणि प्रमाण डॉक्टरांकडून एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं आणि प्लास्टिकमध्ये घालून नवऱ्याच्या खिशात दिलं, म्हणजे भट्टीजवळच्या सरकारी दवाखान्यात तेच औषध मागता येईल. दोन, भट्टीचा मुकादम कोण, भट्टी कुठल्या गावात, तिथली आशा कोण, हे निघण्याआधी शोधलं. आमच्या आशाताईंनी तिकडच्या आशाताईंना फोन करून 'माझी एक सून तुमच्याकडे येतेय' म्हणून सांगितलं. तीन, डॉक्टरांना विचारलं की रोजच्या गोळीऐवजी दुसरं काही आहे का. काही आजारांत महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं. तिला ते लागू नव्हतं, पण दुसऱ्या वाडीवरच्या एका मुलाला लागू होतं आणि त्याचं त्यामुळे चांगलं चाललं आहे. हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, म्हणून विचारावं.

त्या मोसमात तिच्या गोळ्या दोनदा तुटल्या. एकदा चार दिवस, एकदा नऊ. पण आजार उलटला नाही, आणि जूनमध्ये ती चालत वाडीवर आली. डॉक्टरांनी नंतर हळूहळू औषध कमी केलं.

सगळ्यांचं असं होत नाही. काहींचा आजार आयुष्यभर सोबत राहतो आणि काहींना घरच उरत नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळ, डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांचं 'श्रद्धा' पुनर्वसन केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणायचं, बरं करायचं आणि त्यांच्या गावी, घरी पोचवायचं, हे काम ही संस्था १९८८ पासून करते. डॉ. भरत वाटवानींना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देशाच्या कानाकोपऱ्यांतली हजारो माणसं त्यांनी घरी पोचवली आहेत. पनवेल स्टेशनबाहेर केस वाढलेला, स्वतःशी बोलणारा माणूस दिसला की आपण पदर सावरून पलीकडून जातो. तो कुठल्या तरी गावात दुसरी खेप चुकलेलाच कोणी असू शकतो.

मैत्रिणींनो, वाडीवर येणं सगळ्यांना जमणार नाही, पण हा विषय वाडीपुरता नाही. आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या घरीही असा कोणी असतो. त्या सांगत नाहीत, कारण 'वेड्याच्या घरची' म्हटलं की काम जाईल. आमच्या सोसायटीतल्या एका मावशींचा मुलगा गेली सहा वर्षं औषधावर आहे, हे आम्हाला गेल्या वर्षी कळलं. महिन्यातला एक दिवस त्या 'गावाला' जायच्या, तो दवाखान्याचा दिवस. त्या दिवसाचे पैसे पाच घरांतून कापले जात. आता पाचही घरांनी तो दिवस भरपगारी केला आहे. एवढंच केलं, पण त्या महिन्यापासून मुलाची एकही तारीख चुकलेली नाही.

फोनवर बोलण्याचीही एक सोय आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने 'टेली मानस' सुरू केलं. १४४१६ हा नंबर, पैसे लागत नाहीत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. शहरातल्या मुलींनी, परीक्षेच्या धास्तीत असलेल्या मुलांच्या आयांनी हा नंबर जरूर लिहून ठेवावा. वाडीवर मात्र रेंज फक्त वरच्या आंब्याखाली येते आणि फोन असतो नवऱ्याकडे. तेव्हा आशाताई आपला फोन लावून देतात आणि बोलणारीला मोकळेपणा यावा म्हणून खाली ओढ्यापर्यंत जाऊन उभ्या राहतात.

दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात दीर्घकाळचा मानसिक आजारही धरलेला आहे. ४० टक्क्यांच्या वर दाखला मिळाला तर एसटीत मोठी सवलत मिळते, निराधार योजनेचा अर्ज करता येतो. त्या इंजेक्शनवाल्या मुलाचा दाखला आम्हाला काढायचा आहे. त्याच्याकडे आधारकार्ड आहे, पण त्यावर वडिलांचं नाव वेगळंच पडलं आहे, ते आधी दुरुस्त करायचं. मग अलिबाग. सोबत त्याचा थोरला भाऊ येणार म्हणतो, फक्त भातलावणी उरकली पाहिजे.